‘द गून शो’ कंपेंडियम: नगरात जन्मलेल्या माणसाने लंडनच्या रेडिओवर घातलेला धुमाकूळ

‘द गून शो’ या जुन्या ब्रिटिश रेडिओ कार्यक्रमाचे भाग बीबीसीने ‘कंपेंडियम’ नावाच्या संचांमधून पुन्हा काढले आहेत. आवाजावर पोट असलेल्या प्रत्येकाने त्यातला पहिला संच तरी घ्यावाच, असं माझं मत आहे. मी डबिंग आणि ऑडिओबुकं करते, त्याआधी आकाशवाणीवर श्रुतिका केल्या. त्यामुळे हा अभिप्राय थोडा आमच्या धंद्याच्या बाजूने झुकलेला असेल. पण ज्यांना फक्त मनसोक्त हसायचं आहे, त्यांच्यासाठीही यात भरपूर आहे. अट एकच: हेडफोन लावायचे आणि त्या अर्ध्या तासात दुसरं काही करायचं नाही. भाजी निवडता निवडता ऐकला तर हा कार्यक्रम निव्वळ गोंगाट वाटतो.

आधी थोडी ओळख. २८ मे १९५१ रोजी बीबीसीच्या होम सर्व्हिसवर हा सुरू झाला. पहिल्या मोसमात त्याचं नाव ‘क्रेझी पीपल’ होतं, ‘गून शो’ हे नंतरचं. २८ जानेवारी १९६० ला शेवटचा नियमित भाग झाला. एकूण दहा मालिका. स्पाइक मिलिगन, पीटर सेलर्स आणि हॅरी सीकम हे तिघे मुख्य; सुरुवातीला मायकेल बेंटीन चौथा होता, तो दुसऱ्या मालिकेनंतर गेला. लेखनाचा मुख्य भार मिलिगनवर, जोडीला लॅरी स्टीव्हन्स आणि पुढे एरिक साइक्स. तिघेजण मिळून डझनावारी पात्रं उभी करायचे. समोर खरे प्रेक्षक बसलेले, मागे वॉली स्टॉटचा वाद्यवृंद. मधल्या दोन विश्रांतींमध्ये एकदा मॅक्स गेल्ड्रेचा माउथ ऑर्गन आणि एकदा रे एलिंग्टनचं गाणं.

आता मुद्द्याचं. विनोदी श्रुतिका म्हटलं की आपल्याला संवाद आठवतात. आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये टेकाडे भावजी काय म्हणाले, पंत काय म्हणाले, त्यावर वहिनी काय बोलल्या. दार वाजतं, कप खणखणतो, फोन येतो. आवाज फक्त जागा दाखवायला असतात. गून शोमध्ये आवाज स्वतःच विनोद करतो. शब्दाने जे सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता, ते आवाज घडवून दाखवतो आणि आपण निमूट मान्य करतो.

‘नेपोलियन्स पियानो’ हा ११ ऑक्टोबर १९५५ चा भाग घ्या. ग्रिटपाइप-थिन हा सभ्य आवाजाचा लफंगा आणि त्याचा भागीदार काउंट मोरियार्टी भोळ्या नायकाला, म्हणजे सीकमच्या नेडी सीगूनला, गाठतात. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पियानो हलवायचा, पाच पौंड मिळतील. नेडी आनंदाने सही करतो. मग कळतं की पहिली खोली पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे आणि दुसरी इंग्लंडमध्ये. पुढे तो पियानो समुद्रात ढकलून त्यावर बसून इंग्लिश खाडी पार करायला निघतात. नुसत्या वाक्यात लिहिलं तर हा पोरकटपणा वाटेल. ऐकताना मात्र पाण्याचा आवाज येतो, पियानो येतो, वर बसलेल्या माणसांची गंभीर चर्चा चालू असते, आणि कान म्हणतात, हो, निघाला पियानो. पडद्यावर हे करायचं तर खराखुरा पियानो तरंगवावा लागेल, आणि तरी मजा येणार नाही, कारण डोळा लगेच दोऱ्या शोधायला लागतो. कान दोऱ्या शोधत नाही. आख्खा कार्यक्रम या एका गोष्टीवर उभा आहे. ‘टेल्स ऑफ ओल्ड डार्टमूर’मध्ये तर आख्खा तुरुंग समुद्रावर सहलीला नेतात आणि जागेवर पुठ्ठ्याची प्रतिकृती ठेवून जातात!

हे साधायला त्या लोकांनी किती मेहनत घेतली असेल याची कल्पना स्टुडिओत काम केलेल्याला येईल. आमच्याकडे स्पॉट इफेक्टचं, म्हणजे स्टुडिओतच आवाज काढायचं सामान म्हणजे कडी-कोयंडा लावलेली दाराची चौकट, खडीचा ट्रे, घोड्यांच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या. त्यांच्याकडेही मुळात असलंच सामान होतं, शिवाय तबकड्यांवर रेकॉर्ड केलेले आवाज. पण मिलिगनच्या संहितेत एकेका पानावर इतके आवाज मागितलेले असत की ते तबकड्यांवरून सोडणाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत नसे. तिसऱ्या मालिकेपासून आलेला निर्माता पीटर ईटन नाटक विभागातला होता. त्याने आवाजांना नाटकाचा दर्जा लावला आणि कथेला ताळतंत्र आणलं. त्याच्या आधीचा पसारा आणि त्याच्या काळातली बांधणी यात मोठा फरक आहे.

कस्टर्डचा किस्सा सर्वांना ठाऊक आहे असं नाही, म्हणून सांगते. मिलिगनला कस्टर्ड भरलेला मोजा भिंतीवर आपटल्याचा आवाज हवा होता. त्याने बीबीसीच्या कँटीनमधून खरंच कस्टर्ड करून घेतलं, स्वतःच्या पायातला मोजा काढून त्यात भरलं आणि आपटून बघितलं. हवा तसा आवाज आला नाही, असं सांगतात. आमच्या धंद्यातलं हे रोजचं सत्य आहे: खरी वस्तू माइकसमोर खोटी वाटते. तरीही आधी खरी वस्तू आपटून बघणारा माणूस मला फार आवडतो. पुढे १९५८ मध्ये बीबीसीने रेडिओफोनिक वर्कशॉप हा खास ध्वनिप्रयोगांचा विभाग काढला. त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे मेजर ब्लडनॉक या पात्राच्या पोटात होणारा स्फोट! ते गुडगुडणं, फुटणं, आटणं एकदा ऐकाच. एवढ्याशा आवाजात सुरुवात, मध्य, शेवट सगळं आहे.

एक साधा आवाज मला सगळ्यांत शिकवून गेला. पात्र निघून जातं तेव्हा बुटांचा आवाज येतो. आधी नेहमीच्या गतीने, मग भराभर, मग इतका वेगाने की माणूस गोळीसारखा सुटला असं वाटतं, आणि मग एकदम लांबवरून तोच माणूस शांतपणे बोलतो. तबकडी जोरात फिरवली, बस, एवढंच. पण वेग कुठे वाढवायचा आणि बोलणं कुठे सुरू करायचं हे एका क्षणाने चुकलं तर हशा गेला. हेडफोनवर ऐकताना ही मोजणी कळते. सराव म्हणून मी स्वतः रेकॉर्डिंगला बसण्यापूर्वी असा एखादा तुकडा ऐकते.

आणि जिथे आवाजांची अजिबात गरज नाही, तिथे ही माणसं ते वापरत नाहीत. ७ फेब्रुवारी १९५७ च्या ‘द मिस्टीरियस पंच-अप-द-कॉंकर’ या भागात एकल्स (मिलिगन) आणि ब्लूबॉटल (सेलर्स) यांचा एक प्रसंग आहे. ब्लूबॉटल विचारतो, किती वाजले? एकल्स म्हणतो, थांब, माझ्याकडे कागदावर लिहिलेलं आहे. आठ. सकाळी एका भल्या माणसाने लिहून दिलं. कुणी वेळ विचारली की तो कागद दाखवतो. बरं, पण विचारणाऱ्याने विचारलं तेव्हा आठ वाजलेले नसतील तर? तर मग नाही दाखवत. आणि आठ वाजलेत हे तुला कसं कळतं? कागदावर लिहिलंय की! दोन आवाज, बाकी काही नाही. सेलर्सचा किनरा पोरगेला आवाज हळूहळू या तर्काला शरण जातो. शेवटी त्यालाही तसा कागद हवासा वाटतो. यात कुणी कुणाला मूर्ख ठरवत नाही. दोघंही मनापासून विचार करताहेत. दोन वाक्यांमध्ये किती थांबायचं हे शिकवायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळालेलं नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी जेमतेम येत असलं तरी मी हे ऐकवते, आणि ती हसतात.

ब्लूबॉटलची आणखी एक खासियत म्हणजे तो संहितेत कंसात लिहिलेल्या सूचनाही मोठ्याने वाचतो. ‘ब्लूबॉटल येतो, टाळ्यांसाठी थांबतो’ हे तो स्वतःच बोलून दाखवतो. आणि जवळपास प्रत्येक भागात स्फोटात मरतो, मग मेल्याबद्दल तक्रार करतो. हेन्री क्रन आणि मिनी बॅनिस्टर हे थरथरत्या आवाजाचे म्हातारा-म्हातारी मला सुरुवातीला रेंगाळणारे वाटले. आता वाटतं, सगळ्या धावपळीत तीच विसाव्याची जागा आहे.

या सगळ्याचा कर्ता मिलिगन १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जन्मला. वडील लिओ आयरिश, ब्रिटिश फौजेत. बालपण पुण्याच्या लष्कर भागात, शाळा तिथलं कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी, नंतर रंगून, आणि किशोरवयात इंग्लंड. मी नगरला लागून असलेल्या भिंगारची. कॅम्पातले ते रुंद रस्ते, बंगल्यांचे व्हरांडे, पलटणीचा बँड हे सगळं माझ्याही लहानपणातलं. नगरात हे फार लोकांना माहीत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्याने इंग्रजी विनोदाची चाल बदलली, ज्याच्या कार्यक्रमावर पुढे मॉन्टी पायथन या विनोदी गटाची मंडळी आणि बीटल्सच्या जॉन लेननसारखी पोरं वाढली, त्याचे कान आपल्याकडच्या छावणीत तयार झाले होते.

हे ऐकताना जाणवतं. मेजर डेनिस ब्लडनॉक हा हिंदुस्थानातल्या फौजेचा जुना अधिकारी: भित्रा, पैसेखाऊ, बायकांच्या मागे लागलेला, आणि पोटाने कायमचा त्रस्त. करी घातलेली अंडी पुन्हा खाणार नाही अशी शपथ घेत तो प्रवेश करतो. साहेबाची अशी फटफजिती एका सार्जंटच्या घरातल्या पोराला सुचते, कारण त्याने साहेब मागच्या दाराने पाहिलेला असतो. इंग्लंडात बसून वर्तमानपत्रातून साम्राज्य वाचलेल्याला हे जमलं नसतं.

त्याच जगातून लालकाका आणि बॅनर्जी येतात. दोन हिंदी कारकून-कंत्राटदार, सतत एकमेकांशी हुज्जत घालणारे. आवाज सेलर्स आणि मिलिगनचे. मध्येच हिंदुस्तानी शब्द येतात, आणि ते नुसते कानाला तसे वाटणारे नाहीत, खरे आहेत. सेलर्सही युद्धकाळात हवाई दलाच्या करमणूक पथकाबरोबर हिंदुस्थानात फिरलेला. या दोघांबद्दल माझं मत सरळ सांगते. हेल काढून बोलण्याची नक्कल आज खटकते, आणि खटकायलाच हवी. गोरे नट आपली नक्कल करून हशा वसूल करतात ही गोष्ट विसरता येत नाही. तरी प्रसंग नीट ऐकले तर त्या दोघांची हुज्जत ओळखीची आहे. काम कुणाचं, आधी कोण बोलणार, मान कुणाला, यावरून ते भांडतात, आणि दरम्यान इंग्रजांचा घोळ तसाच पडून राहतो. मी हसते. पण कुणी नाही हसलं तर मी त्यांना समजावायला जाणार नाही. रे एलिंग्टनच्या कातडीच्या रंगावरचे विनोद मात्र मला अजिबात मान्य नाहीत. ते ऐकताना वाटतं, इतक्या हुशार माणसांना इतकं सोपं का घ्यावंसं वाटलं?

युद्ध समजल्याशिवाय हा कार्यक्रम पुरता समजत नाही. मिलिगन तोफखान्यात होता, उत्तर आफ्रिका आणि इटलीत लढला, १९४४ च्या जानेवारीत इटलीत जखमी झाला आणि त्याच्या मनाने तो धक्का कायमचा घेतला. सीकमशी त्याची गाठ आफ्रिकेत पडली ती अशी: मिलिगनच्या पथकाची अवजड तोफ कड्यावरून घसरून खाली सीकमच्या गाडीजवळ येऊन पडली, आणि थोड्या वेळाने मिलिगन तोफ कुणी पाहिली का असं विचारत आला. हाच गून शोचा पहिला प्रसंग म्हणायला हरकत नाही! पहिल्या संचातला ‘द ड्रेडेड बॅटर-पुडिंग हर्लर’ हा १२ ऑक्टोबर १९५४ चा भाग बेक्सहिल-ऑन-सी या किनाऱ्यावरच्या गावात घडतो. मिलिगनची पलटण युद्धात तिथेच होती. अंधारबंदीची रात्र, हेन्री आणि मिनी चालले आहेत, आणि अंधारातून कुणीतरी म्हातारीला पुडिंग फेकून मारतं. एवढ्याशा काडीचा उजेड समुद्रातून कुणाला दिसणार, असं म्हणत हेन्री काडी ओढतो, आणि क्षणात समुद्रावरून तोफा धडाडतात. त्या गोळ्याचा आवाज खऱ्या बॉम्बहल्ल्यांतून गेलेले प्रेक्षक ऐकत होते, आणि ते फुटून हसतात. १९५४ च्या जुलैपर्यंत त्या देशात अन्नाचं रेशनिंग चालू होतं हे लक्षात घेतलं की पुडिंग हत्यार म्हणून वापरणं, आणि शेवटी भुकेल्या नावेत तोच एकमेव पुरावा खायचा की राखायचा हा प्रश्न, यांना वेगळीच धार येते.

त्याच संचात ‘लर्गी स्ट्राइक्स ब्रिटन’ आहे. देशात एक भयंकर साथ आल्याची हूल उठते, आणि ब्रास बँडची वाद्यं वाजवणाऱ्यांना ती होत नाही असं जाहीर होतं. वाद्यं विकणारे अर्थातच मोरियार्टी आणि ग्रिटपाइप-थिन. आपण सगळे एका खऱ्या साथीतून गेलेलो आहोत, तेव्हाचे काढे, थाळ्या आणि औषधांचे सौदे डोळ्यांसमोर आहेत. त्यामुळे हा भाग मला अंगावर येतो. पाचव्या मालिकेतलाच ४ जानेवारी १९५५ चा ‘नाइन्टीन एटी-फाइव्ह’ही ऐका. ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीवरचं बीबीसीचं टीव्ही नाटक डिसेंबरमध्ये गाजलं, आणि महिन्याच्या आत यांनी त्याची नक्कल केली. त्यात सत्ताधारी कोण, तर खुद्द बीबीसी. संस्थेच्याच माइकवरून संस्थेची अशी टोपी उडवणं आपल्याकडे मी स्टुडिओत कधी पाहिलं नाही.

याची किंमत मिलिगनने मोजली. बहुतेक मोसमांत २५ किंवा त्याहून जास्त भाग, म्हणजे तितक्याच संहिता. तिसऱ्या मालिकेच्या काळात, १९५२ च्या अखेरीस तो पार कोसळला आणि इस्पितळात दाखल झाला. पुढेही आयुष्यभर मनाच्या आजाराने त्याला सोडलं नाही. इतरांना हसवणाऱ्यांबद्दल जे गोडगोड बोललं जातं ते मला या माणसाच्या बाबतीत सहन होत नाही. एका माणसाकडून इतकं काम घेणं चूक होतं.

आता संचाच्या दर्जाबद्दल. सुरुवातीच्या मालिकांमधलं फारच थोडं शिल्लक आहे, म्हणून संचांची सुरुवात १९५४ च्या पाचव्या मालिकेपासून होते. पुढचे बहुतेक भाग टिकले ते मुख्यतः बीबीसीची ट्रान्स्क्रिप्शन सर्व्हिस परदेशी रेडिओ केंद्रांना तबकड्या पाठवत होती म्हणून. पण पाठवताना त्या कापलेल्या असत. आक्षेपार्ह किंवा फार स्थानिक वाटलेले विनोद गाळलेले. या संचांसाठी टेड केंडल या ध्वनितज्ज्ञाने वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रती जोडून जमेल तेवढं परत आणलं आहे. काही ठिकाणी सांधा कळतो, आवाजाचा पोत क्षणभर बदलतो. मला त्याचा त्रास होत नाही, उलट कुणीतरी मन लावून काम केलंय हे समजतं. आवाज एवढा स्वच्छ आहे की वाक्य संपल्यावर नटांनी दाबलेलं हसूसुद्धा ऐकू येतं. इंटरनेटवर फिरणाऱ्या घरगुती प्रती ऐकून ‘काही कळत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे ऐकून मग बोलावं. मी डिजिटल आवृत्ती घेतली. सीडी परदेशातून मागवण्याचा खर्च अकारण वाटला.

गाणी वगळू नका. गेल्ड्रेचा माउथ ऑर्गन सुरू होतो तेव्हा मघाच्या धुमाकुळातून कान मोकळे होतात, आणि त्याशिवाय पुढचा अंक झेपत नाही.

उणिवा आहेत. बाईचा खरा आवाज या कार्यक्रमात अपवादानेच येतो. मिनीसुद्धा मिलिगनच. दहा मालिका, इतकी पात्रं, आणि स्त्री-कलाकारांना जवळजवळ जागाच नाही, याचा मला राग येतो. ठरावीक वाक्यांची पुनरावृत्ती सलग ऐकताना जड होते. त्या काळी लोक आठवड्याला एक भाग ऐकत, आपणही तसंच ऐकावं. इंग्रजी भयंकर वेगवान आहे. त्या वेळचे पुढारी, फुटबॉलचे सामने यांचे उल्लेख निसटतात. पहिल्या संचातला ‘द व्हिसलिंग स्पाय एनिग्मा’ हा भाग हंगेरीच्या संघाच्या बुटांत स्फोटकं पेरण्याबद्दल आहे. १९५३ मध्ये हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ ने धुतलं होतं हे माहीत असेल तरच त्यातली कळ पोचते.

घ्यायचा असेल तर पहिला संच घ्या, पण भाग क्रमाने ऐकू नका. ‘बॅटर-पुडिंग’ आधी, मग ‘लर्गी’, मग बाकीचे. ‘नेपोलियन्स पियानो’ पुढच्या संचांत आहे, तेवढ्यासाठीही तो संच घेण्यासारखा आहे. आणि १९७२ चा ‘द लास्ट गून शो ऑफ ऑल’ हा पुनर्भेटीचा भाग समोर आला तर लगेच ऐकू नका. त्यात राजघराण्यातले लोक प्रेक्षकांत बसलेले, टाळ्या प्रत्येक आवाजाला, आणि तिघेही जुन्या पात्रांना भेटायला आलेल्यासारखे. ज्याने मूळ भाग ऐकलेत त्यालाच तो सोहळा कळेल. नवख्याने तिथून सुरुवात केली तर त्याला वाटेल, ही म्हातारी माणसं एवढी का हसताहेत.